दान पडल्यानंतर

'डायब्लो २' या खेळाच्या पहिल्या अंकात चार्सी नावाची एक लोहारीण आहे. तिचा हरवलेला हातोडा, ज्याला खेळात हॉराड्रिक मॅलस म्हणतात, मठाच्या बराकीतून परत आणून दिला की उतराई म्हणून ती खेळाडूचे एखादे साधे शस्त्र किंवा चिलखत हाती घेते आणि त्यात जादू भरून देते. वस्तू कोणती द्यायची हे आपण ठरवायचे. तिच्यात कोणते गुण उतरतील हे मात्र खेळ ठरवणार. प्रत्येक काठिण्यपातळीवर ही संधी एकदाच मिळते, म्हणजे एका पात्राच्या साऱ्या प्रवासात तीनदा. २००३ साली सोलापुरात, नव्या पेठेतल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी हा खेळ खेळत असे, आणि त्या एका संधीसाठी कोणती कुऱ्हाड द्यावी हे ठरवण्यात मी चार दिवस घालवले होते. पाचव्या दिवशी कुऱ्हाड दिली आणि ती परत आली ती अंधारात थोडा जास्त उजेड पाडणारी होऊन. माझ्या बार्बेरियनला, म्हणजे मी खेळत असलेल्या योद्ध्याला, उजेडाचा काही उपयोग नव्हता. त्याला घाव हवा होता.

कॅफे सांभाळणाऱ्या दादाने माझा चेहरा पाहिला आणि मला एक युक्ती शिकवली. पात्राची सगळी माहिती संगणकावर एका लहानशा फाइलमध्ये साठवलेली असते. चार्सीकडे जाण्यापूर्वी त्या फाइलची प्रत फ्लॉपीवर काढून ठेवायची, आणि निकाल मनासारखा आला नाही तर जुनी प्रत पुन्हा त्या जागी ठेवायची, म्हणजे झालेले सारे न झाल्यासारखे होते. दुसऱ्या काठिण्यपातळीवर मी तेच केले. सतराव्या खेपेला जी कुऱ्हाड मिळाली ती इतकी उत्तम होती की पुढचे दोन अंक मला कोणी अडवू शकले नाही. तीन आठवड्यांत मी खेळ सोडून दिला. कुऱ्हाडीत काहीच उणे नव्हते, पण तिच्याकडे पाहताना मला आधीच्या सोळा कुऱ्हाडी दिसत असत, आणि त्या सोळांमध्ये व या सतराव्या कुऱ्हाडीत माझ्या हातचे असे काहीही वेगळे नव्हते.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण माझा भाचा. गेल्या मे महिन्यात तो सुट्टीला आमच्याकडे होता. सोलापूरच्या उन्हात दुपारी अकरा ते पाच बाहेर पडण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे खिडक्यांवर ओले पडदे सोडून आम्ही दोघे २०२१ मध्ये नव्या रूपात आलेला 'डायब्लो २ : रिझरेक्टेड' खेळत बसत असू. चार्सीने त्याच्या धनुष्यातही निरुपयोगी गुण भरून दिले, तेव्हा त्याने मला विचारले, ''मामा, शेवटी नशिबानंच ठरणार असेल तर आपण खेळतोय कशाला?'' त्याच्या वयाचा असताना हा प्रश्न मी फ्लॉपीने सोडवला होता. ते उत्तर त्याला देण्याची माझी इच्छा नव्हती, आणि दुसरे उत्तर माझ्याजवळ त्या क्षणी तयार नव्हते.

माझे काम टॉवेलच्या एका कारखान्यात कापड तपासण्याचे आहे. रंगवलेल्या सुताचे दोन लॉट तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. रंगाचे प्रमाण तेच, तापमान तेच, वेळ तोच. तरीही पाण्याचा जडपणा बदलतो, कापसाची पक्वता बदलते आणि शेड किंचित सरकते. हा दैवाचाच भाग आहे आणि तो कोणाला पूर्णपणे काढून टाकता आलेला नाही. मात्र तो भाग माग सुरू होण्यापूर्वी येतो. लॉट समोर आला की तो पाहता येतो, नमुन्याशी ताडून पाहता येतो, आणि मग ठरवता येते की हा कोणत्या ऑर्डरला लावायचा, गडद काठाच्या टॉवेलात तो खपून जाईल की नाही, की सरळ बाजूला ठेवायचा. एका ऑर्डरचा माल शक्यतो एकाच लॉटमधून विणायचा, हा नियम त्यातूनच आला आहे. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. चादरीच्या जॅकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या कार्डात जिथे छिद्र असेल तिथलाच ताण्याचा दोरा वर उचलला जातो, आणि कार्डे एकदा बरोबर ओवली की फुलाच्या जागी फूलच येते. सुताची तार तुटते, धोटा अडकतो, पण विणकराने मागितलेले फूल न देता मागाने आपल्या मनाने चौकट विणून दिली, असे कधी होत नाही. तसे होऊ लागले असते, तर अण्णांच्या तीस वर्षांच्या कसबाला काय अर्थ उरला असता, याची मला कल्पनाही करवत नाही.

खेळ रचणाऱ्यांच्या परिभाषेत दैवाच्या या दोन जातींना इनपुट रँडमनेस (निर्णयाआधी येणारे दैव) आणि आउटपुट रँडमनेस (निर्णयानंतर येणारे दैव) अशी नावे आहेत. आपल्याकडे त्यासाठी सारीपाट आणि सापशिडी आठवली तरी पुरे. सारीपाटात दान आधी पडते आणि मग कोणती सोंगटी हलवायची हे आपण ठरवतो. माझी आजी वाईट दानातूनही डाव सावरत असे आणि मी चांगल्या दानातही तो घालवत असे. सापशिडीत दान पडले की सगळे ठरून जाते. शस्त्र घडवण्याच्या कोणत्याही व्यवस्थेकडे पाहताना दैवाचा वाटा किती टक्के आहे, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. दान पडल्यानंतर माझ्या हातात काही उरते का, आणि फुकट गेले तर काय गेले, हे मी आधी पाहतो.

भाच्याला हे समजावण्यासाठी उदाहरण शोधायला दूर जावे लागले नाही. ते त्याच खेळात होते. 'डायब्लो २' मध्ये शस्त्राला सॉकेट, म्हणजे खाचा, पाडून घेण्याचे दोन मार्ग आहेत. पाचव्या अंकातला लारझुक हा लोहार साध्या वस्तूला तिच्या पातळीप्रमाणे (खेळ प्रत्येक वस्तूला देतो तो एक आकडा) शक्य असलेल्या सर्वाधिक खाचा पाडून देतो. तिथे दैवाला थाराच नाही, पण ही मदतही प्रत्येक काठिण्यपातळीवर एकदाच मिळते. दुसरा मार्ग हॉराड्रिक क्यूबचा, म्हणजे वस्तू एकत्र करून नवी घडवणाऱ्या पेटीचा : राल आणि ॲम्न हे दोन रून (खाचेत बसवायचे जादूचे दगड), एक परिपूर्ण ॲमेथिस्ट (जांभळा खडा) आणि साधे शस्त्र क्यूबमध्ये टाकले की एक ते सहा यांपैकी कोणत्याही संख्येने खाचा पडतात, आणि आलेला आकडा त्या शस्त्राच्या मर्यादेहून मोठा असेल तर मर्यादेइतक्या पडतात. या शेवटच्या अटीतच सगळे कसब साठलेले आहे. 'स्पिरिट' नावाची रूनवर्ड, म्हणजे ठरावीक रून ठरावीक क्रमाने बसवून जागी होणारी शक्ती, तलवारीत बसवायची तर नेमक्या चार खाचा लागतात, तीन चालत नाहीत आणि सहाही चालत नाहीत. क्रिस्टल स्वोर्ड या तलवारीची पातळी २५ पर्यंत असेल तर तिला जास्तीत जास्त तीन खाचा पडतात, २६ ते ४० असेल तर चार, आणि ४१ च्या पुढे सहा. म्हणजे वरवर पाहता 'अधिक चांगली' असलेली ४५ पातळीची तलवार आणली, तर क्यूबमधून नेमक्या चार खाचा पडण्याची शक्यता सहात एक. आणि ३६ पातळीची तलवार आणली, तर चार, पाच किंवा सहा यांपैकी कोणतेही दान पडले तरी खाचा चारच पडणार, म्हणून शक्यता थेट निम्मी. लारझुकला तीच ३६ पातळीची तलवार दिली तर चार खाचा निश्चित, आणि ४५ पातळीची दिली तर सहा पडून ती या कामाला कायमची बाद.

फासा तोच राहतो, पण कोणती तलवार उचलून आणायची हे ज्याला कळते त्याच्यासाठी तो फासा वेगळे बोलतो. खेळाडूची सत्ता म्हणून मला जे म्हणायचे आहे ते हेच. ती फासा फिरवण्याची सत्ता नाही. ती डाव मांडण्याची आहे. आणि इथे पणाला लागते ती मैदानात पडलेली एक पांढऱ्या नावाची तलवार, जी नाइटमेअर या दुसऱ्या काठिण्यपातळीच्या पहिल्या अंकात फिरताना पुन्हा मिळू शकते. चार्सीच्या बाबतीतही आज मला हेच वाटते. तिचा निकाल पूर्णपणे आंधळा आहे, सापशिडीइतकाच. तरी तिला द्यायची असते ती साधी वस्तू, आणि ती बिघडली तरी आपले घडवलेले काही मोडत नाही. माझे चार दिवस वाया गेले हे खरे, पण ते निवडीचे चार दिवस त्या खेळातले माझे सर्वांत चांगले दिवस होते.

याच्या उलट टोकाला मी स्वतः जाऊन आलो आहे. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सचा 'पाथ ऑफ एक्झाइल' हा खेळ २०१३ मध्ये आला, आणि शस्त्र घडवण्याचा विचार त्याच्याइतका खोलवर दुसऱ्या कोणत्या खेळाने केला असेल असे मला वाटत नाही. सुरुवातीची अनेक वर्षे त्यात नाणी नव्हतीच. घडणीची साधने हेच तिथले चलन, त्यामुळे प्रत्येक प्रयत्न म्हणजे खिशातला प्रत्यक्ष पैसा. केऑस ऑर्ब हे त्यांपैकी एक साधन वापरले की रेअर, म्हणजे अनेक गुण असलेल्या, शस्त्राचे सगळे गुण पुसले जातात आणि नवे येतात, प्रीफिक्स आणि सफिक्स या दोन गटांतले जास्तीत जास्त तीन-तीन. हवा असलेला गुण सरासरी शंभरात एकदा येतो असे समजू. या 'सरासरी' शब्दाने माझ्यासारख्या पुष्कळांची फसगत केली आहे, कारण शंभर प्रयत्न केल्यावरही दर शंभर खेळाडूंपैकी सुमारे ३७ जणांच्या हाती काहीच लागलेले नसते, दोनशेनंतर १३ जण रिकामे असतात आणि तीनशेनंतरही पाच. त्या पाच जणांनी कोणतीही चूक केलेली नसते, आणि पुढच्या प्रयत्नात त्यांची शक्यता पहिल्या प्रयत्नाइतकीच, शंभरात एक, असते. फासा काही लक्षात ठेवत नाही.

म्हणूनच त्या खेळातल्या एका व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. सहा सॉकेट एकमेकांना जोडणे हे तिथले मोठे स्वप्न. ऑर्ब ऑफ फ्यूजिंग एकेक करून वापरत नशीब अजमावता येते. पण क्राफ्टिंगच्या बाकावर १५०० ऑर्ब एकरकमी मोजले की जोडणी निश्चित मिळते. किंमत जबर आहे. तरीही ती एक भिंत आहे, जिच्यापलीकडे दुर्दैव जाऊ शकत नाही. 'लॉस्ट आर्क' या कोरियन खेळात हीच गोष्ट अधिक ममतेने केली आहे : शस्त्राला धार चढवण्याचा प्रत्येक फसलेला प्रयत्न 'आर्टिझन्स एनर्जी' नावाच्या पट्टीत जमा होत जातो, आणि पट्टी भरली की पुढचा प्रयत्न यशस्वी होतोच. फसलेल्या कामाचीही नोंद कुठेतरी राहते, हे ज्याला सुचले त्याने कधीतरी हाताने काम केलेले असावे.

मग सगळेच निश्चित का करू नये? 'पाथ ऑफ एक्झाइल' ने जून २०२० मध्ये हार्वेस्ट नावाच्या पर्वात जवळजवळ तेच करून पाहिले. बागेत बिया लावायच्या, उगवलेल्या प्राण्यांशी लढायचे आणि त्या बदल्यात शस्त्रावर नेमके फेरफार मिळवायचे : आगीशी संबंधित एक गुण काढून त्याच जातीचा दुसरा घाल, अमुक जातीचा गुण हमखास जोड. मी त्या काळात घरात बंद होतो, जसे सगळेच होते, आणि ती बाग मला अतिशय आवडली. प्रथमच मला माझे धनुष्य कागदावर आखून मग घडवता आले. पण महिनाभरातच जमिनीवर पडलेल्या वस्तू उचलून पाहण्याचे मी थांबवले. कोणतीही सापडलेली गोष्ट माझ्या बागेतल्या धनुष्याची बरोबरी करणार नव्हती, तर मग शोधायचे कशासाठी? २०२१ मध्ये निर्मात्यांनी त्यातले सर्वांत नेमके पर्याय काढून टाकले किंवा दुर्मीळ केले, आणि त्यामागे वस्तू मिळवण्याचे बाकीचे मार्ग निरर्थक होऊ नयेत हाच विचार होता. खेळाडूंचा संताप झाला. मीही संतापलो होतो. आज मागे वळून पाहताना निर्मात्यांचे निदान मला पटते, उपाय मात्र पटत नाही. त्यांनी हाताची ताकद कमी केली. माझ्या मते त्यांनी हाताला मिळणारा माल अधिक विविध करायला हवा होता. लॉट वेगवेगळे येऊ लागले तर तपासनीसाचे डोळे आपोआप उघडे राहतात.

'स्कायरिम' मध्ये हीच पोकळी आणखी लवकर जाणवते. तिथे लोहारकामात दैव नाहीच, आणि रिस्टोरेशन (बरे करण्याची जादू) वाढवणारे औषध पिऊन अल्केमीचे (औषधे बनवण्याचे) कसब वाढवणारे कपडे पुन्हा चढवण्याचे चक्र एकदा समजले की शस्त्राच्या ताकदीला वरची सीमाच उरत नाही. एका घावात ड्रॅगन पडतो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

माझ्या त्या धनुष्याचे काय झाले, हेही सांगतो. 'पाथ ऑफ एक्झाइल' मध्ये व्हाल ऑर्ब नावाची एक वस्तू आहे. ती वापरली की शस्त्र भ्रष्ट होते, म्हणजे त्यानंतर त्यात कसलाही बदल करता येत नाही. आणि त्या क्षणी काहीच न घडण्यापासून एखादा अलौकिक गुण मिळण्यापर्यंत, किंवा सगळे गुण पुसले जाऊन नवे कुठलेतरी येण्यापर्यंत, काहीही होऊ शकते. तीन आठवडे घडवलेल्या धनुष्यावर मी तो एका रात्री वापरला आणि सगळे गुण गेले. मला धोका ठाऊक होता. देवाला कौल लावणारा माणूस उजवा आणि डावा दोन्ही कौल स्वीकारण्याच्या तयारीने बसतो, तसाच मी बसलो होतो, आणि म्हणून दुःख झाले तरी तक्रार नव्हती. सांगून सवरून मांडलेला जुगार मला अन्यायाचा वाटत नाही. तरीही दान हातानंतर पडते आणि घडलेल्या कामावर पडते, तेव्हा त्याचे वजन किती असते हे मला त्या रात्री कळले, आणि तेव्हापासून मी तो ऑर्ब दुसऱ्याच्या कामावर वापरण्याचा सल्लाही कोणाला दिलेला नाही.

सांगितलेच नाही तर मात्र गोष्ट निराळी होते. 'मेपलस्टोरी' या कोरियन खेळात शस्त्रांचे गुण बदलण्यासाठी क्यूब नावाची वस्तू विकत मिळते, आणि ती खऱ्या पैशांना मिळते. ३ जानेवारी २०२४ रोजी दक्षिण कोरियाच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने नेक्सॉन या कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड ठोठावला. आयोगाच्या निष्कर्षानुसार, खेळाडूंना सर्वाधिक हवे असलेले गुण येण्याची शक्यता कंपनीने न सांगता कमी केली होती, आणि त्यांतले काही गुण एकत्र येणे तर २०११ पासून २०२१ पर्यंत शक्यच नव्हते. दहा वर्षे लोक असा फासा टाकत होते, ज्याच्यावर सहाचा आकडा कोरलेलाच नव्हता. हे वाचले त्या दिवशी मी फार अस्वस्थ झालो. दान वाईट पडणे मी समजू शकतो. फुटलेला धोटा, सरकलेली शेड, उजेड पाडणारी कुऱ्हाड, सारे समजू शकतो. पण ज्याने फासा घडवला त्यानेच तो लपवला, तर खेळाडूचे ज्ञान, त्याचा हिशेब, योग्य तलवार निवडण्याची त्याची धडपड, हे सगळे एका क्षणात चेष्टा ठरते. त्याच वर्षी २२ मार्चपासून कोरियात अशा शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. इतका साधा नियम इतक्या उशिरा आला, याचे मला अजूनही वाईट वाटते.

सध्या मला सर्वांत जवळची वाटणारी व्यवस्था 'लास्ट इपॉक' ची आहे, जो खेळ २०२४ मध्ये पूर्ण रूपात आला. त्यात प्रत्येक शस्त्राला 'फोर्जिंग पोटेन्शिअल' असते, म्हणजे ते शस्त्र अजून किती घाव सोसेल याचा साठा. कोणता गुण वाढवायचा हे आपण ठरवतो आणि तो वाढतो. दैव ठरवते ते इतकेच की त्या घावात साठ्यातून किती खर्च झाले. साठा संपला की काम थांबते, पण झालेले काम तसेच राहते. पूर्वी याच खेळात शस्त्राला तडा जाऊन आधी मिळवलेले गुणही घटत असत. निर्मात्यांनी ती पद्धत टाकून ही आणली, आणि लोखंड तापवून ठोकणाऱ्या कोणालाही ही अधिक खरी वाटेल, कारण ऐरणीवरचा तुकडा किती वेळा तापवता येईल याचा अंदाज चुकतो, घाव कुठे घालायचा हे सहसा चुकत नाही.

भाचा परत जाण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही स्पिरिटची तयारी केली. लारझुकची मदत त्याने आधीच एका ढालीवर खर्च केली होती, त्यामुळे क्यूबशिवाय मार्ग नव्हता. एक तलवार मिळताच ती क्यूबमध्ये टाकण्याची त्याला घाई होती. मी त्याला फक्त विचारले की एका तलवारीला शक्यता निम्मी, तर दोन असतील तर किती, आणि तीन असतील तर किती? त्याने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर गणित केले : ५०, ७५, साडेसत्त्याऐंशी. मग त्याने पाच दुपारी खेळातल्या 'कोल्ड प्लेन्स' या मैदानात फिरून ३६ ते ४० पातळीच्या तीन क्रिस्टल स्वोर्ड गोळा केल्या, काउंटेस नावाच्या शत्रूच्या मनोऱ्यात पुन्हा पुन्हा जाऊन रून आणले, आणि खड्यांचा हिशेबही मांडला. चिरलेले तीन खडे मिळून वरच्या प्रतीचा एक, आणि अशा चार पायऱ्या, म्हणजे एका परिपूर्ण ॲमेथिस्टसाठी मुळातले ८१ खडे लागतात, हे त्याला स्वतःहून सापडले तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन आपल्या आजीला सांगून आला.

पहिल्या तलवारीला दोन खाचा पडल्या. त्याने ती बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली, चार पडल्या. ताल, थुल, ऑर्ट, ॲम्न, याच क्रमाने रून बसवले आणि स्पिरिट तयार झाली. या रूनवर्डचे बहुतेक गुण ठरलेले असतात, पण मंत्र टाकण्याचा वेग २५ ते ३५ यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतो. त्याचा २७ आला. अण्णा मागे आरामखुर्चीत बसून हे सगळे पाहत होते; त्यांनी विचारले, ''चांगलं झालं का?'' भाचा थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. ''झालं आजोबा, चालतंय,'' असे म्हणून त्याने उरलेली तिसरी तलवार पेटीत नीट ठेवली, वही पुढे ओढली आणि आणखी किती खडे लागतील ते मोजायला घेतले.